बर्फात घातलेलं मीठ

बारावीला इतिहास शिकवताना मला एक खोड आहे. अमेरिकेतल्या वसाहतींवर पुस्तकात जेमतेम दीड पान मजकूर, पण मी तिथे चार तास काढते. राजा, कर, चहाच्या पेट्या हे सगळं भराभर उरकते आणि सरळ लोकांच्या घरात शिरते. एका जाड इंग्रजी पुस्तकातून वेचलेलं ज्ञान मग पोरांच्या अंगावर ओतत सुटते. तिथलं घर म्हणजे बऱ्याचदा एकच मोठी खोली. भिंतीएवढी चूल, तिच्यावर लोंबकळणारं लोखंडी भांडं, आणि त्या विस्तवाभोवती स्वयंपाक, सूत, प्रार्थना, आजारपण, बाळंतपण, सगळंच. मेणबत्त्या जनावराच्या चरबीपासून घरीच ओतायच्या. राखेचं पाणी गाळून साबण घरीच करायचा. विस्तव विझला तर शेजारणीकडे निखारा मागायला जायचं. "आणि घरातला वैद्य कोण? घरातली बाई!" हे वाक्य मी खडू उंचावून म्हणते.

पोरं जांभया देतात. एखादी धीट मुलगी विचारते, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की तीस वह्या एकदम मिटतात. तो आवाज फार अपमानास्पद असतो.

त्याच जाड पुस्तकात एक प्रकरण त्या घरांतल्या लहान मुलांच्या मरणांवर आहे. ते मी शिकवत नाही. तास संपत आलेला असतो, असं मी स्वतःला सांगते.

माझ्या मुलीला हे सगळं घरीही ऐकावं लागे. मी सांगतेय त्या उन्हाळ्यात ती सोळा वर्षांची होती. नवव्या वर्षापासून तिला मधुमेह आहे, पोरांना होतो तो. त्याला गोळ्या चालत नाहीत. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचायचं, आणि ते नाही मिळालं तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेततं. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. आमच्या फ्रीजच्या दारातला अंड्यांचा कप्पा अंड्यांनी कधी पाहिलाच नाही; तिथे तिच्या औषधाची खोकी.

वैशाख संपता संपता वादळ आलं. आमचं घर रोह्याच्या टोकाला. पत्रे राहिले, पण रस्त्यावरचे विजेचे खांब असे आडवे झाले की जणू कुणीतरी काड्यापेटी उपडी केली होती. वीज गेली, मोबाइलचा टॉवर गेला, नळाचं पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गॅस गेला, कारण दुसरा सिलिंडर नोंदवायचं मी तीन आठवडे पुढे ढकलत होते. अमेरिकेच्या वसाहतीत मी अशी थेट, आडनावासकट दाखल झाले.

अंगणात तीन विटा मांडल्या. लाकडं ओली. दहा-बारा काड्या वाया घालवल्या. मग आतून सराव परीक्षेचे जुने पेपर आणले आणि ते पेटवले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणं भुरभुर जळून गेली, लाकडाला काही झालं नाही. मुलगी उंबऱ्यावर बसून बघत होती.

"आई, हे परीक्षेला आहे का?"

"गप्प बस आणि पुठ्ठा आण."

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या चाचीचा हात आला. हातात करवंटी, करवंटीत लालभडक निखारे. चाची साठीच्या पुढची, एकटी राहते, दोन्ही मुलगे आखातात. पंधरा वर्षं आमचं कुंपण एक. ईदला तिच्याकडून शीरखुर्मा येतो, आमच्याकडून पेणचे पापड जातात, आणि एवढ्यावर आम्ही एकमेकींना ओळखतो असं मी धरून चालले होते.

"कवाधरनं फुकतेस गो," ती म्हणाली. "मास्तरणीच्या डोल्यातनं पानी येतंय आन चुलीतनं धूर. घे."

भात शिजला. धुरकट, खाली लागलेला, पण शिजला. मी इतकी खूश झाले की तो भात वाढताना शेजारणीकडून निखारा आणण्याच्या प्रथेवर पुन्हा एकदा व्याख्यान दिलं. मुलगी म्हणाली, "आणि त्या तुझ्या वसाहतीत मला इन्सुलिन कोण देणार होतं?"

मी म्हटलं, "जेव."

पण तोवर मलाही तीच काळजी लागली होती. दोन दिवस फ्रीज आम्ही उघडला नव्हता, तरी आतला गारवा संपत चालला होता आणि घरात अंगाची लाही होत होती. यजमान धाटावच्या एका कंपनीत आहेत. वादळानंतर कारखाना बंद, पण थोडी माणसं शिफ्टला जात होती. ते म्हणाले, "कंपनीत जनरेटर चालू आहे. दवाखान्याच्या खोलीत फ्रीज आहे. डबा दे, नेऊन ठेवतो. रोज लागेल तेवढं आणीन."

आता हे वाक्य आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. इतकं सरळ, इतकं सोपं. मी काय म्हणाले?

"माझ्या पोरीचं औषध त्या केमिकलच्या वासात? काही नको. मी बघते."

"अगं, दवाखान्याची खोली वेगळी आहे."

"मी बघते म्हटलं ना."

घरातला वैद्य कोण, घरातली बाई.

माझ्याकडे माहेरचा आइस्क्रीमचा पॉट होता. लाकडी बादली, मधे ॲल्युमिनियमचं उंच भांडं, वर फिरवायचं हँडल. पेणला मे महिन्यात आम्ही भावंडं तो आळीपाळीने फिरवायचो. भांड्याभोवती बर्फ ठेचून भरायचा आणि त्यावर मिठागरातलं जाडं मीठ मुठीमुठीने टाकायचं. मीठ टाकणं हे मोठ्या माणसाचं काम, आणि मी सगळ्यांत मोठी. त्या मिठाचा मला अजून गर्व आहे. कुठेही आइस्क्रीमचा विषय निघाला की मी सांगते, बर्फ कुणीही भरेल, पण दूध गोठवतं ते मीठ, खरी कला मिठात आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाडीकडची मावरेवाली बाजारात बसलेली दिसली. धक्क्यावर कुणाच्या तरी डिझेलवर बर्फ बनत होता. तिच्याकडे मासे थोडे आणि बर्फच जास्त.

"बर्फ दे."

"आन मावरं?"

"मावरं नको. नुसता बर्फ."

"अगो बाय, नुसता बरफ काय तलून खानार हायस?" असं म्हणत तिने अख्खी लादी दिली.

पॉट धुऊन पुसून कोरडा केला. मधल्या भांड्यात रुमाल घातला, त्यावर इन्सुलिन. फ्रीजमधलं सगळं ठेवलं. शिवाय मुलीची वापरातली इन्सुलिन टोचायची दोन पेनंही मागून घेतली.

"ती बाहेर चालतात, आई. डॉक्टरांनी सांगितलंय, महिनाभर चालतात."

"ह्या उकाड्यात नाही चालायची."

"सगळं एकाच ठिकाणी कशाला ठेवतेस पण?"

"तुला कळतं का मला कळतं?"

भोवती बर्फ ठेचून भरला. संध्याकाळच्या जेवणाआधीचं आणि झोपतानाचं इन्सुलिन तिने टोचून घेतलं आणि रात्री पेनं परत माझ्या स्वाधीन केली. आणि मग, ह्या क्षणाला मी अजून दुसरं नाव शोधतेय पण मिळत नाही, हाताने आपोआप मिठाची बरणी ओढली. एक मूठ. दुसरी मूठ. बर्फ जास्त टिकावा म्हणून. वरून गोणपाट, त्यावर उशी. मला वाटलं, विजेची गरजच काय.

सकाळी झाकण काढलं तेव्हा पेनांवर पांढरं दंव होतं. एक पेन उजेडात धरलं. आतलं औषध हलत नव्हतं. बारीक काचेच्या सुया एकमेकीत अडकाव्यात तसं काहीतरी आत गोठलेलं होतं. बाकीचीही तशीच. सगळी.

मला माहीत होतं. इन्सुलिनच्या खोक्यात बारीक अक्षरांचा जो कागद असतो तो मी सात वर्षांपूर्वी तीनदा वाचला होता, आणि त्यात लिहिलेलं होतं की गोठू देऊ नका, गोठलेलं वापरू नका. आणि तरी त्या सकाळी मी सगळ्या कार्ट्रिज, पेनात घालायच्या औषधाच्या नळ्या, पदराने पुसून खिडकीत मांडल्या आणि विरघळायची वाट बघत बसले. अर्ध्या तासात औषध पुन्हा पाण्यासारखं नितळ झालं. इतकं नितळ की मी स्वतःला म्हटलं, दिसायला तर तसंच आहे. मुलगी दात घासून आली, तिने पेन मागितलं, मी दिलं. मी काहीच बोलले नाही.

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत, म्हणून इथे जरा थांबते. बाकीचं मग सांगता येतं.

दुपारी तिची साखर तीनशेवर गेली. तिने टोचलं. चार वाजता तीनशे साठ. ती घसाघसा पाणी पीत होती, ओठ सुकलेले. तपासायच्या पट्ट्या मोजून अकरा उरल्या होत्या.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, "रायवळ. एकच. वादळात पडलेले आंबे चाचीने दिले होते ना, त्यातला."

मला काय झालं ते सांगते. मला हायसं वाटलं. आंबा! म्हणजे मीठ नव्हे, आंबा. आणि त्या हायसं वाटण्याच्या भरात मी तिला फाडफाड बोलले. ह्या दिवसांत, औषध तुटपुंजं असताना, एवढी मोठी घोडी झालीस, जिभेवर ताबा नाही. ती रडली नाही. "सॉरी आई," म्हणाली. "परत नाही खाणार." आणि आंब्याची पाटी स्वतःच उचलून चाचीकडे परत देऊन आली.

पाचव्या दिवशी सकाळी चारशे दहा. ती अंथरुणातून उठेना. पोटात दुखतंय म्हणाली. श्वासाला गोडूस, कुजक्या फळासारखा वास येत होता. तो वास मी एकदाच घेतला होता, ती नऊ वर्षांची असताना, दवाखान्यात.

"आई, एका आंब्याने एवढं होतं का गं?" तिने विचारलं. "मी खरंच एकच खाल्ला होता."

मी तिच्या पायाशी बसले आणि सांगितलं. बर्फ, मीठ, खिडकीत मांडलेल्या कार्ट्रिज. काल सकाळपासून तू टोचतेयस ते बहुतेक नुसतं पाणीच आहे, हेही सांगितलं. यजमान दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि चपला शोधायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काल मला बोललीस तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तिने भिंतीकडे तोंड केलं.

यजमान मोटारसायकल घेऊन पेणला निघाले. तिथे माझा भाऊ आहे, आणि तिथली वीज आली असल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. कोलाडकडून हायवेला लागावं तर तिकडे झाडांचा खच, म्हणून ते निडीच्या बाजूने गेले. पुढे कसे गेले ते मागाहून कळलं. निडीला मोटारसायकल एकाच्या गोठ्यात लावली आणि बंद पडलेल्या रुळांवरून नागोठण्यापर्यंत चालत गेले. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की ते आज तरी परत येत नाहीत.

मी आमच्या डॉक्टरांकडे धावत गेले. खिडकीच्या उजेडात पेशंट तपासत होते. मला बघून आधी स्टूल पुढे केलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मिठासकट.

"गोठलेलं टाकून द्या," ते म्हणाले. "उलट्या होतायत?"

"अजून नाही."

"शुद्धीवर आहे? बोलतेय?"

"बोलतेय." माझ्याशी नाही, हे मी सांगितलं नाही.

"पाणी पाजत रहा. इन्सुलिन आत्ता हवं, उद्या नव्हे. दोन्ही दुकानांत संपलंय, मीच सकाळी विचारून आलो." त्यांनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "तुमच्या शेजारच्या चाची घेतात. त्यांचं मिक्स आहे, तुमच्या मुलीचं नाही तसं, पण आजचा दिवस निभावेल. डोस मी लिहून देतो. मी येतो पाठोपाठ. तीन-चार तासांत साखर उतरली नाही तर अलिबागला न्यायचं, झोळीत घालून न्यावं लागलं तरी."

चाची इन्सुलिन घेते. पंधरा वर्षं कुंपण एक, आणि हे मला डॉक्टरांनी सांगावं लागलं.

चाची मागच्या पडवीत होती. मी धापा टाकत जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. ती ऐकता ऐकताच उठली. पडवीच्या कोपऱ्यात एक रुंद मडकं, मडक्यात ओली वाळू, वाळूत रुतवलेलं दुसरं लहान मडकं, वर ओलं फडकं. तिने लहान मडक्यात हात घालून दोन बाटल्या काढल्या. एक अर्धी, एक न उघडलेली.

"बर्फात घातलंस?" ती म्हणाली. "आन वर मीठ? मावरा हाय काय ती पोर, बर्फात घालून मीठ लावायला?"

मी बाटल्यांकडे हात पुढे केला.

"शिकलेली हायस ना गो तू? मला तरी विचारायचं. हाका मारायच्या अंतरावर हाय मी."

"मला माहीतच नव्हतं, तुम्ही घेता."

"मी कुनाला सांगते? पोरांना सांगितलं तर रोज फोन करून जीव खातील." तिने न उघडलेली बाटली माझ्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली.

"तुम्हाला?"

"माझी अर्धी हाय. दोन दिस भात नाय खायची. म्हातारीला काय व्हतंय? जा, पल."

मी पळाले नाही. मी त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तर तिने दंडाला धरून वर ओढलं आणि ढकललंच. "पोर मरंल तिकडं, तू नमस्कार काय करतेस!"

डॉक्टर आले, सिरिंजने त्यांनी स्वतः टोचलं. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगली. मग वाट बघणं. पट्ट्या सात राहिल्या होत्या. पहिल्या तासाला चारशे वीस. मला वाटलं, हेही बिघडलेलं आहे, चाचीच्या वाळूतलंही. डॉक्टर म्हणाले, लगेच उतरत नाही. दुसऱ्या तासाला चारशे पाच. चाची येऊन दाराशी बसली, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मीही पुटपुटत होते. आमचे देव वेगळे, पण विनंती एकच होती. तिसऱ्या तासाला तीनशे तीस. चौथ्याला, संध्याकाळ कलल्यावर, दोनशे साठ. डॉक्टरांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

मुलीने डोळे उघडून पहिलं वाक्य चाचीला उद्देशून म्हटलं. "चाची, आंबा गोड होता."

चाची म्हणाली, "व्हय का? बरी झालीस की अख्खं झाड देते."

दुसऱ्या दिवशी दुपारी यजमान आले. पायांना फोड, खांद्याला भावाचा गार थर्मास, थर्मासात दीड महिन्याचं इन्सुलिन. ते थर्मास माझ्याकडे द्यायला लागले, सवयीने. मुलगी खाटेवर उठून बसली होती. तिने हात पुढे केला.

"बाबा, माझ्याकडे द्या."

यजमान माझ्याकडे बघायला लागले. मी मान डोलावली. त्यातली एक बाटली तिने काढली, चाचीच्याच प्रकारची, पेणच्या दुकानात मिळेल ते घेताना भावाने उचललेली. ती घेऊन ती भिंतीला धरत धरत स्वतः पलीकडे गेली. परत आली तेव्हा हातात चाचीचं जुनं लहान मडकं होतं. अंगणातली वाळू, बादलीभर पाणी, सगळं तिनेच केलं. मी एकदा पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे, आई. मला येतं." आवाज रागाचा नव्हता. मी आवाजात राग शोधत होते, कारण रागावर काहीतरी बोलता आलं असतं.

वीज दोन आठवड्यांनी आली. फ्रीजच्या दारातला कप्पा मी धुऊन पुसून ठेवला. काही दिवसांनी तिने खोकी तिथे आणून ठेवली, पण कप्प्यावर चिकटपट्टी लावून स्वतःचं नाव लिहिलं. आता ती पुण्याला शिकते. तिच्या खोलीत तिचा छोटा फ्रीज आहे. आठवड्यातून दोनदा फोन येतो. जेवण, पाऊस, मैत्रिणी, मेसची आमटी, सगळं बोलते, हसते, माझी टिंगलही करते.

मी शेवटी विचारतेच, "आज साखर किती होती गं?"

"ठीक आहे," ती म्हणते.

"ठीक म्हणजे किती?"

"ठीक म्हणजे ठीक, आई." आणि मग, तिच्या लक्षात येतं की मी गप्प झालेय, म्हणून हळूच, "झोप आता."

आकडा ती बाबांना सांगते. मला माहीत आहे, कारण मी विचारलं की ते 'माहीत नाही' म्हणत नाहीत, फक्त सांगत नाहीत.